पर्थ ते लंडन : एकोणीस तासांची रात्र

पर्थ ते लंडन हे अंतर सुमारे १४,५०० किलोमीटर. मध्ये कुठेही न उतरता विमान ते साधारण सव्वासतरा ते साडेसतरा तासांत कापते. मार्च २०१८ मध्ये क्वांटासने ही सेवा सुरू केली, तेव्हा ऑस्ट्रेलिया आणि युरोप नियमित विनाथांबा विमानाने पहिल्यांदा जोडले गेले. आत्याने ती बातमी तेव्हाच कापून ठेवली होती. ती चिपळूणच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. तिची मुलगी पर्थला असते आणि माझा भाऊ लंडनला, त्यामुळे एप्रिल २०२३ मध्ये दोघी निघालो. गुडघ्यांचा विचार करून मी सिंगापूरमार्गे जाऊ म्हणत होते.

"मुलांना ऑस्ट्रेलिया-इंग्लंड शिकवताना मध्ये कोलंबो, एडन, सुएझ असं सगळं घातलंय मी," आत्या म्हणाली. "आता मध्ये काहीच नाही म्हणतात. ते बघायचंय मला."

विषय तिथेच संपला. भारतीय पासपोर्टवर दोन्ही देशांचे व्हिसा लागतात. बाकी बुकिंगबद्दल सांगण्यासारखे काही घडले नाही.

सोमवार, पर्थ

पर्थमध्ये उतरल्यावर पहिल्यांदा जाणवते ते आकाश. इतके मोठे आणि इतके धुतलेले आकाश मी शहराच्या डोक्यावर पाहिले नव्हते. एप्रिल म्हणजे तिथला शरद. दुपारी ऊन चांगले लागते, पण संध्याकाळी स्वेटर हवाच.

हे शहर किती एकटे आहे, ते नकाशात पाहून कळत नाही. जवळचे मोठे शहर अ‍ॅडलेड, तेही विमानाने २,१०० किलोमीटरवर. सिडनी जवळजवळ ३,३०० किलोमीटर. इंडोनेशियाची जाकार्ता सिडनीपेक्षा जवळ पडते. आतेबहीण म्हणाली, "पूर्वेकडच्या ऑफिसातली माणसं मला विचारतात, वीकेंडला येतेस का? मी म्हणते, तुम्ही या की!" तिला एका शनिवार-रविवारसाठी सिडनीला जायचे तर जाण्यात चार-पाच तास, येण्यात तेवढेच, शिवाय घड्याळाचा फरक.

रात्री जेवणानंतर ती आम्हाला किंग्स पार्कच्या टेकडीवर घेऊन गेली. खाली स्वान नदी आणि पलीकडे उंच इमारतींचे दिवे. २० फेब्रुवारी १९६२ च्या रात्री जॉन ग्लेन 'फ्रेंडशिप ७' या यानातून पृथ्वीला प्रदक्षिणा घालत होता, तेव्हा पर्थच्या लोकांनी घरातले, अंगणातले, रस्त्यावरचे असतील तेवढे दिवे लावून ठेवले. ग्लेनला वरून ते दिसले आणि त्याने रेडिओवरून शहराचे आभार मानले. तेव्हापासून पर्थला 'दिव्यांचे शहर' म्हणतात. चहूबाजूंनी हजारो किलोमीटर समुद्र आणि वाळवंट, मध्ये हा एवढा ठिपका. आत्या बराच वेळ कठड्याला टेकून उभी होती. मग म्हणाली, "आपल्याकडे कुणी वरून जाणार म्हटलं तर आधी वीज जाईल."

मंगळवार, पर्थ

२५ एप्रिल. ऑस्ट्रेलियात हा अ‍ॅन्झॅक दिन. १९१५ साली याच तारखेला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक तुर्कस्तानच्या गॅलिपोली किनाऱ्यावर उतरले. आम्ही तारीख पाहून तिकिटे काढली नव्हती. आदल्या रात्री आतेबहीण सहज म्हणाली, "पहाटे जमेल का उठायला?" आणि अंधारातच आम्ही पुन्हा त्याच टेकडीवर पोचलो.

हजारो माणसे, पण आवाज फक्त पावलांचा. लहान मुले खांद्यावर, म्हातारी माणसे घडीच्या खुर्च्यांवर. स्मारकाशी बिगुल वाजला, मग शांतता, आणि हळूहळू नदीवर उजाडायला लागले. माझ्या शेजारी एक आजोबा उभे होते. त्यांच्या कोटावर उजव्या बाजूला पदके होती. स्वतःची पदके डावीकडे लावतात आणि वाडवडिलांची उजवीकडे, असे त्यांनीच नंतर सांगितले. त्यांचे आजोबा आल्बनीहून जहाजाने गेले होते. १ नोव्हेंबर १९१४ रोजी पहिला ताफा निघाला तो पर्थच्या दक्षिणेकडच्या याच बंदरातून. अनेकांनी ऑस्ट्रेलियाची जमीन शेवटची पाहिली ती तिथेच.

आत्याने विचारले, "किती दिवस लागले त्यांना?"

"इजिप्तला पोचायलाच महिना गेला," ते म्हणाले. मग आम्ही कुठल्या विचारून म्हणाले, "भारतीयही होते गॅलिपोलीत. खेचरांवरून दारूगोळा न्यायचे." हे त्यांना माहीत होते याचे मला नवल वाटले. आम्हाला शाळेत कुणी सांगितले नव्हते. आत्याला विचारले तर म्हणाली, "तो इतिहासवाल्यांचा विषय."

परत येताना एका बाईंनी डब्यातली अ‍ॅन्झॅक बिस्किटे पुढे केली. ओट्स, खोबरे आणि काकवीसारखा गोल्डन सिरप, अंडे नाही. टिकतात खूप. आत्याने चार पिशवीत टाकली आणि त्यांतली दोन शेवटी लंडनला पोचली.

दुपारी नदीकाठी मटिल्डा बेला गेलो. युनिव्हर्सिटीला लागून असलेला हा शांत काठ, काळे हंस, बारक्या शिडाच्या होड्या. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर जपानच्या हातात गेले आणि ऑस्ट्रेलिया-इंग्लंड हवाई मार्ग मधोमध तुटला. तो सांधायला जुलै १९४३ पासून याच नदीच्या पाण्यावरून कॅटलिना जातीची समुद्री विमाने उडायला लागली. पाण्यावरून उड्डाण आणि थेट सिलोनच्या कोग्गला सरोवरात उतरायचे. ५,६०० किलोमीटरहून जास्त अंतर, मध्ये कुठेही उतरणे नाही आणि शत्रूला सुगावा लागू नये म्हणून रेडिओ बंद. दिशा बघायची ती ताऱ्यांवरून. वेळ लागायचा २७ ते ३३ तास. इंधनाचे वजनच इतके असे की प्रवासी फक्त तीन आणि टपाल ७० किलोच्या आत.

इतक्या वेळात सूर्य दोनदा उगवताना दिसायचा, म्हणून या फेऱ्यांना 'डबल सनराइज' नाव पडले आणि प्रवाशांना तसे प्रमाणपत्रही मिळे. जुलै १९४५ पर्यंत २७१ फेऱ्या झाल्या. हवेत इतके तास सलग राहणारी नियमित प्रवासी सेवा त्यानंतर आजवर झालेली नाही. आमचे सतरा तास ऐकून मी दोन आठवडे धास्तावले होते. त्या काठावर उभी राहिल्यावर तक्रार करायची सोय उरली नाही.

बुधवार, फ्रीमँटल

पर्थहून लोकलने अर्ध्या तासावर फ्रीमँटल. तिथले लोक 'फ्रीओ' म्हणतात. उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून जो गार वारा सुटतो त्याला 'फ्रीमँटल डॉक्टर' असे नाव आहे, कारण तो आला की तापलेल्या शहराला बरे वाटते. एप्रिलअखेर डॉक्टरांची प्रॅक्टिस मंदावलेली असते, तरी माझी टोपी त्यांनी एकदा पाण्यात टाकलीच.

मासेमारी बंदरावर कागदात गुंडाळलेले तळलेले मासे आणि बटाटे घेतले. लिंबू पिळेपर्यंत एका सीगलने आत्याच्या हातातला तुकडा नेला. शेजारच्या टेबलावरचे जोडपे हसून म्हणाले, पाठ भिंतीला लावून बसायचे असते इथे. (ही खरोखर उपयोगी सूचना आहे.) तुकडे मोठे असतात, दोघांत एक पुडा पुरतो.

व्हिक्टोरिया की या धक्क्यावर 'वेलकम वॉल्स' आहेत. जहाजाने इथे उतरलेल्या स्थलांतरितांची नावे, जहाजाचे नाव आणि वर्ष असे फलकांवर ओळीने कोरलेले. सी. वाय. ओ'कॉनर या अभियंत्याने नदीच्या मुखातला खडक फोडून बांधलेले बंदर १८९७ मध्ये सुरू झाले आणि १९०० पासून इंग्लंडची टपालबोट आल्बनीऐवजी इथे यायला लागली. नावे वाचता वाचता तास गेला. इटालियन, ग्रीक, पोलिश, इंग्लिश. एकेका आडनावाखाली पाच-पाच पोरांची नावे. एवढी पोरे घेऊन महिनाभर बोटीत कशी राहिली असतील ही माणसे, हा विचार मला दुसऱ्या दिवशीच्या बॅगा भरतानाही सोडेना.

रॉटनेस्ट बेट आणि तिथले हसऱ्या चेहऱ्याचे क्वोक्का आम्ही सोडले. फेरीबोट फ्रीमँटलहून अर्ध्या तासाची आहे, पण बेटावर सायकल मारण्यात खरी मजा आणि आत्याचा गुडघा. जाणार असाल तर एक पूर्ण दिवस ठेवा. क्वोक्काला हात लावायला आणि खायला घालायला बंदी आहे.

गुरुवार, बुल क्रीक आणि एक लोकरीचा धागा

बुल क्रीकच्या विमान संग्रहालयात एक कॅटलिना उभी आहे, शेजारच्या दालनात लँकेस्टर बाँबफेकी विमान. ती कॅटलिना जवळून पाहावीच. आत बसायची जागा किती चिंचोळी आहे ते कळते. तिथले बरेचसे मार्गदर्शक निवृत्त आणि हौशी, एकदा सुरू झाले की तुमचा दिवस त्यांचा. एकाने आत्याला विचारले, "पर्थ-लंडन विमान कोणत्या देशांवरून जातं, सांगा पाहू?" आत्याने उलट विचारले, "सर्वांत जवळच्या रस्त्याने, की खरोखर जातं त्या?" गृहस्थांनी खुर्ची ओढून घेतली.

रात्री घरी तिने नातवाचा पृथ्वीगोल मागवला आणि विणकामाच्या पिशवीतून लाल लोकरीचा धागा काढला. एक टोक पर्थवर, दुसरे लंडनवर आणि धागा ताणला. सपाट नकाशावर सरळ दिसणारी रेघ गोलावर सर्वांत जवळची नसते. ताणलेला धागा मात्र लबाडी करत नाही, असे ती वर्गात सांगायची.

नातू वाकून वाचायला लागला. "आजी, इंडियन ओशन... इंडियन ओशन... अजून इंडियन ओशन..." मग धागा अरबी समुद्रात शिरला. पुढे इराण, आर्मेनिया, काळा समुद्र, युक्रेन, युरोप.

"आता मध्य शोध," आत्या म्हणाली. त्याने धागा दुमडून अर्धा केला. खूण आली कोकण किनाऱ्याच्या जरा पश्चिमेला, समुद्रात.

आत्या चष्मा वर करून पाहत राहिली. मग मला म्हणाली, "अगं, हे गुहागर!"

माझा विश्वास बसेना, म्हणून मोबाइलवर अक्षांश-रेखांश घालून हिशेब केला. मध्यबिंदू येतो साधारण १७.६ अंश उत्तर, ७१.७ अंश पूर्व. म्हणजे गुहागरच्या पश्चिमेला दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, भर समुद्रात. मुंबई-पर्थ सुमारे ७,३०० किलोमीटर, मुंबई-लंडन सुमारे ७,२००. बेरीज १४,५००. पृथ्वीच्या दोन टोकांची म्हणून जी दोन गावे आम्ही निवडली होती, त्यांच्या बरोबर मधोमध आमचे घर निघाले. आत्याचे माहेर गुहागर तालुक्यातले. त्या रात्री तिने चिपळूणला तीन फोन केले.

शुक्रवार, विमानात

पर्थ विमानतळाबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवा. आम्ही गेलो तेव्हा लंडनचे विमान टर्मिनल ३ मधून सुटायचे. बाकीची बहुतेक आंतरराष्ट्रीय विमाने टर्मिनल १ वरून जातात आणि ते धावपट्टीच्या पलीकडच्या अंगाला आहे, चालत जाण्यासारखे नाही. रेल्वेने जाणाऱ्यांनाही दोन्हींसाठी वेगवेगळी स्टेशने आहेत. तिकिटावरचे टर्मिनल निघण्याआधी पाहून घ्या.

बोइंग ७८७-९. या मार्गावर २३६ आसने, चार वैमानिक आळीपाळीने. टाकीत सव्वा लाख लिटर इंधन मावते. खिडकीला झडप नसते, बटण दाबले की काच गडद होते. आतली हवा जुन्या विमानांपेक्षा थोडी दमट ठेवतात आणि दाब सहा हजार फुटांवरच्या हवेइतका, त्यामुळे डोके कमी जड होते म्हणतात. माझे नाक तरी तिसऱ्या तासाला कोरडे पडलेच. सलाइनचा नेझल स्प्रे जवळ ठेवावा.

सूर्य मावळला पावणेसहाच्या आत आणि विमान सुटले पावणेसातच्या सुमारास. विमान पश्चिमेकडे जाते आणि रात्रही पश्चिमेकडेच सरकते, म्हणजे आम्ही अंधाराबरोबर चाललो होतो. आत्याने कागदी रुमालावर मांडून दाखवले. दोन्ही शहरांच्या रेखांशांत ११६ अंशांचा फरक. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे सूर्याचा फरक पावणेआठ तासांचा. घड्याळात मात्र सातच, कारण ब्रिटनने उन्हाळ्यासाठी काटे एक तास पुढे केलेले असतात आणि पर्थची प्रमाणवेळ १२० अंशांवरची आहे. पर्थचा सूर्यास्त ते लंडनचा सूर्योदय अशी मधली रात्र भरते जवळजवळ एकोणीस तासांची. कॅटलिनावाल्यांना दोन सूर्योदय मिळायचे, आम्हाला एवढ्या वेळात एक.

याचा व्यवहारातला अर्थ असा की खिडकीच्या जागेसाठी जास्त पैसे मोजू नयेत. बाहेर काही दिसत नाही. आसने ३-३-३ अशी असतात, चालायच्या वाटेकडची घ्या आणि दर दोन तासांनी उठून मागच्या टोकापर्यंत जाऊन या. इतका वेळ बसून पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. वय झालेल्यांनी किंवा पायाचे ऑपरेशन झालेल्यांनी घट्ट मोज्यांबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे. घड्याळ बसल्या बसल्या लंडनचे लावा. तिथे दुपार असते, म्हणून पहिले पाच-सहा तास जागून मग झोपावे. मी तसे केले. आत्या पट्टा लावून जेवली आणि झोपली.

कडेला पर्थची एक तरुण परिचारिका होती, लंडनला बहिणीच्या लग्नाला निघालेली. तिचे आजोबा साठच्या दशकात इंग्लंडहून आले, दहा पौंडांत. युद्धानंतर ऑस्ट्रेलियाला माणसे हवी होती, म्हणून बोटीचे बाकी भाडे सरकार भरायचे. आजोबांचे नाव फ्रीमँटलच्या त्या फलकावर आहे, ती म्हणाली. दोन दिवसांपूर्वी वाचलेल्या नावांपैकी एकाची नात शेजारी बसून टोमॅटोचा रस पीत होती. आजोबा परत कधी इंग्लंडला गेले का, असे मी विचारले. "एकदाच," ती म्हणाली, "आणि पावसामुळे चार दिवस आधी परत आले."

सहा तास झाले तरी पडद्यावरच्या नकाशात विमानाखाली निळेच. एवढा समुद्र एका दमात ओलांडल्यावर 'मध्ये काहीच नाही' याचा अर्थ कळतो. कधीतरी मालदीवचे ठिपके आले. माझा डोळा लागला आणि खांदा हलवून आत्याने उठवले.

"अगं ऊठ. अर्धं झालं."

भारतात तेव्हा रात्रीचा एक. पडद्यावर मुंबई दिसत होती, पण बरीच उजवीकडे. विमान धाग्याच्या पुष्कळ पश्चिमेकडून चालले होते. आत्या थोडी खट्टू झाली, पण लगेच कारणाला लागली. वैमानिक धागा ताणत नाहीत, वारा बघतात. आठ-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना टाळत जावे लागते. येताना तेच वारे पाठीशी असतात, म्हणून लंडनहून पर्थला हेच अंतर अर्धा-पाऊण तास लवकर कापले जाते. आणि धाग्यावरचे युक्रेनचे आकाश तर फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंदच आहे. त्यामुळे कागदावरचे १४,५०० प्रत्यक्षात तेवढेच राहत नाही. मध्यपूर्वेत तणाव वाढला की हिशेब आणखी बिघडतो. २०२४ मध्ये इराणचे आकाश टाळायचे म्हणून हेच पर्थ-लंडन विमान सिंगापूरला इंधन भरायला उतरवले जात होते. 'विनाथांबा' तिकीट काढले तरी निघायच्या आठवड्यात एकदा मार्ग तपासा.

आत्याने मागच्या दारापाशी जाऊन उजवीकडच्या छोट्या खिडकीला नाक लावले. बाहेर काळेकुट्ट. "बत्ती लावून ठेवायला सांगायला हवं होतं गुहागरात," ती म्हणाली. मग खाद्यपदार्थांच्या टेबलावरून दोन केळी घेऊन जागेवर आली.

पुढचा प्रवास तुकड्यातुकड्यांत आठवतो. ओमानचा किनारा, पुन्हा झोप, कुठेतरी तुर्कस्तान, कॉफीचा वास. हे सहा-सात तास सर्वांत लांब वाटतात. सिनेमा नको, पुस्तक नको, पाय कुठे ठेवावेत कळत नाही. जर्मनीवर मागच्या बाजूचे क्षितिज तांबूस झाले आणि सगळ्या विमानात खिडक्यांची बटणे दाबली गेली.

शनिवार, लंडन

पहाटे पाचच्या सुमारास हीथ्रो. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने कुठून आलात विचारले. आत्या म्हणाली, "पर्थ. नॉनस्टॉप." त्याने भुवया उंचावून तिच्याकडे पाहिले आणि शिक्का मारला. एवढ्याने तिचा दिवस गेला.

हीथ्रोहून एलिझाबेथ लाइन जलद, पिकॅडिली लाइन स्वस्त. बॅगा असतील तर पहिलीच घ्या. काँटॅक्टलेस कार्ड चालते, वेगळे तिकीट लागत नाही. ईलिंगला भावाच्या घरी सातच्या आत पोचलो.

त्या दिवशी झोपायचे नाही, हा एकच नियम. पश्चिमेकडे गेल्यावर दिवस लांबतो आणि शरीर ते तुलनेने लवकर मान्य करते. उन्हात फिरत राहावे. ऊन मात्र लंडनचे, म्हणजे दहा मिनिटे ऊन, पाच मिनिटे पाऊस. पर्थला पाने पिवळी पडायला लागली होती, इथे चेस्टनटला नवी पालवी आणि झाडाखाली निळ्या ब्लूबेलचा सडा. शरद ते वसंत एका रात्रीत. दुकानांच्या काचांतून नव्या राजाची चित्रे आणि झेंड्यांच्या माळा, राज्याभिषेक आठवड्यावर आला होता. संध्याकाळी सहाला वरणभात खातानाच माझे डोळे मिटले. आत्या भावाला धाग्याची गोष्ट सांगत होती.

रविवार, ग्रीनिच

ग्रीनिचला थेम्समधून बोटीने जावे, मेट्रोपेक्षा वेळ जास्त लागतो पण पुलांखालून जायची मजा आहे. वेधशाळा चढावर आहे, सावकाश चढा. आत जायला तिकीट आहे. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत हीच रेषा शून्य रेखांश म्हणून मान्य झाली. अंगणात धातूच्या पट्टीवर दोन पाय दोन गोलार्धांत ठेवून फोटो काढायला रांग. आत्या रांगेत उभी राहिली नाही. तिने मोबाइलचे जीपीएस चालू केले आणि पूर्वेकडे बागेत चालायला लागली. आकडा शून्यावर आला तिथे एक कचराकुंडी होती. उपग्रहांवर आधारलेले शून्य रेखांश त्या पट्टीपासून सुमारे १०२ मीटर पूर्वेला आहे. तिने फोटो तिथे काढून घेतला.

आत जॉन हॅरिसनची घड्याळे पाहण्यात दुपार गेली. समुद्रावर रेखांश कळायचा तर बंदराची अचूक वेळ जवळ हवी आणि हलत्या जहाजावर लंबकाचे घड्याळ चालत नाही. एच-१, एच-२, एच-३ ही अवजड यंत्रे, आणि मग एच-४, तळहातापेक्षा थोडे मोठे, मोठ्या खिशातल्या घड्याळासारखे. १७६१ मध्ये ते जमैकाच्या सफरीवर कसोटीला लावले. आयुष्यातली इतकी वर्षे घालवून माणसाला अखेर वस्तू लहान करता आली, हे पाहून मला फार बरे वाटले.

बाहेरच्या बाकावर आत्याने पुन्हा हिशेब काढला. पृथ्वीच्या मध्यातून पाहिले तर पर्थ आणि लंडन यांच्यात साडेएकशेतीस अंशांचा कोन. एका अंशात साठ नॉटिकल मैल. साडेएकशेतीस गुणिले साठ, ७,८३०. गुणिले १.८५२, साडेचौदा हजार किलोमीटर. "बघ, धाग्यानं, मोबाइलनं आणि हातानं, तिन्हीनं तेच."

सोमवार, लंडन

१ मे. महाराष्ट्र दिन, आणि योगायोगाने ब्रिटनमध्येही बँक हॉलिडे. सायन्स म्युझियमला प्रवेश फुकट, पण सुट्टीच्या दिवशी लहान मुलांची जत्रा. सकाळी उघडताच जा आणि आधी वरच्या मजल्यावरचे विमानांचे दालन गाठा.

तिथे छताला टांगलेले हिरवे, एकावर एक दोन पंखांचे, खेळण्यासारखे विमान म्हणजे एमी जॉन्सनचे 'जेसन'. ५ मे १९३० ला ती एकटीच क्रॉयडनहून निघाली आणि २४ मेला ऑस्ट्रेलियात डार्विनला उतरली. ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने उडत जाणारी ती पहिली स्त्री. वाटेत अलाहाबादला पोचायच्या आधी इंधन संपत आले म्हणून तिने झांशीच्या लष्करी मैदानावर विमान उतरवले. उघड्या कॉकपिटमधून, नकाशा मांडीवर ठेवून. मग सतरा वर्षांनी, डिसेंबर १९४७ मध्ये, सिडनी-लंडन नियमित प्रवासी सेवा सुरू झाली ती डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली असे थांबे घेत चार दिवसांत. म्हणजे तेव्हाही रस्ता आपल्याच अंगणातून जात होता, फक्त लोक उतरून चहा प्यायचे.

दुपारी यूस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळ खाल्ली. चिंच जास्त गोड, शेव बरी. तिथल्या वाढणाऱ्या मुलाला आत्याने पर्थ-लंडनचा मध्य कुठे येतो ते विचारले आणि त्याला उत्तर आले नाही याचा तिला मनापासून आनंद झाला.

लंडन-मुंबई परतीचे विमान साधारण नऊ तासांचे. जेवण, एक डुलकी, आणि उतरायची घोषणा. "झालं पण?" आत्या म्हणाली. हा प्रवास करायचा असेल तर पर्थहून लंडनला जाणेच निवडा, रात्री निघून पहाटे पोचल्याने पूर्ण दिवस हातात राहतो. उलट दिशेने दुपारी निघून दुसऱ्या दिवशी दुपारी पोचता, आणि पूर्वेकडे गेल्यावर झोप बसायला जास्त दिवस लागतात. आणि पर्थमध्ये आधी तीन-चार दिवस तरी राहा. थेट दुसऱ्या विमानातून उतरून या विमानात बसणारे चेहरे मी रांगेत पाहिले.

क्वांटास आता सिडनी-लंडन विनाथांबा विमानाच्या तयारीत आहे, एअरबस ए-३५० चे खास लांब पल्ल्याचे विमान, १७,००० किलोमीटर आणि वीसेक तास. कॅटलिनाच्या त्या फेऱ्यांवरून योजनेचे नाव 'प्रोजेक्ट सनराइज' ठेवले आहे. मी आत्याला बातमी पाठवली. तिचा उलट फोन आला. मार्ग, वारा, मध्यबिंदू, यांतले काही तिने विचारले नाही. वीस तासांत जेवण किती वेळा देतात, एवढेच तिला हवे होते.